तीन आटे

गुलाबभाऊ मून माणसाच्या तोंडाकडे पाहून बोलत नाही. तो तुमच्या छताकडे पाहून बोलतो. तुम्ही दारात उभं राहून "या, बसा" म्हणता आणि हा मान वर करून तुमच्या पत्र्याला म्हणतो, "जय भीम मॅडम, बरं हाय नं?"

मी रोहण्याच्या शाळेवर बदलून आले तेव्हा पहिले काही महिने मला वाटायचं, ह्या माणसाच्या मानेत काहीतरी बिघाड आहे. मग एकदा त्याला रस्त्याने चालताना पाहिलं. नजर वर, वायरींवर. पाय खाली, आपापल्या जबाबदारीवर. समोरून म्हैस येत होती. तिनेच बाजूला व्हायचा समजूतदारपणा दाखवला म्हणून बरं, नाहीतर त्या दिवशी गावाची केबल दुपारपासून बंद पडली असती.

कारण गुलाबभाऊ आमच्या गावचा केबलवाला. आर्वीला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात हात काळे करून आला आणि गावात केबल आणणारा पहिला माणूस झाला. आडनावावरून कोणी टिंगल केली की छाती फुगवून म्हणायचा, "मून हाय मी, मून! सॅटेलाइट तं माझ्याच अंगणात फिरते." गावाला तो नावाने कमी आणि वरून जास्त ओळखतो. आमचं घर म्हणजे "निळ्या टाकीवालं". मारुतीच्या पारापलीकडचे एक प्रतिष्ठित गृहस्थ म्हणजे "एक कनेक्शन, तीन टीव्ही". त्या गृहस्थांना गावात फार मान आहे, पण गुलाबभाऊसमोर ते जरा नरमाईनेच वागतात.

माणसांचं सुखदुःखही तो केबलच्याच भाषेत सांगतो. नवरा-बायकोचं पटत नसलं तर "लूज कनेक्शन हाय". पोरगं अभ्यासात मागे असलं तर "वायर चांगली हाय मॅडम, जॉइंट खराब हाय. मारू नका, जॉइंट पाहा." हे मला, वीस वर्षं पोरं शिकवलेल्या बाईला. आणि राग येण्यासारखी गोष्ट म्हणजे त्याचं बहुतेक वेळा खरं निघायचं.

पण त्याचा सगळ्यात लाडका शब्द म्हणजे मुंग्या. टीव्हीवर चित्र न येता खरखर येते, त्या मुंग्या. त्याच्या लेखी म्हाताऱ्या माणसाला ऐकू येईनासं झालं की कानात मुंग्या, विसरायला लागलं की डोक्यात मुंग्या. आता नव्या टीव्हीत मुंग्या येत नाहीत, नुसता निळा पडदा येतो, याचं त्याला मनापासून वाईट वाटतं. "निळा पडदा म्हंजे तोंडावर दार लावून घेतल्यावानी," तो म्हणतो. "मुंग्या असल्या का समजे, कोनीतरी तिकडून येऊन राह्यलं. फक्त पोचून नाई राह्यलं."

लग्न त्याने केलं नाही. म्हणजे करायला गेला होता. "कारंज्याला मुलगी पाहायला गेलतो," हे तो स्वतःच सांगतो. घर चांगलं, माणसं चांगली, पण समोरच्या टीव्हीत मुंग्या. ह्याला राहवेना. पाहुणे एकमेकांची गावं विचारताहेत तोवर हा टीव्हीच्या मागे. पिन काढली, वायर सोलली, पुन्हा बसवली. तेवढ्यात मुलगी पोह्यांची ताटली घेऊन बाहेर आली. गुलाबभाऊने टीव्हीमागून डोकं काढलं आणि म्हणाला, "ताई, जरा तेवढं बटन दाबता का?"

ताई! मध्यस्थाने जागच्या जागी कपाळावर हात मारला. ताईने मात्र बटण दाबलं. चित्र एकदम साफ आलं. मुलीच्या वडिलांनी निघताना फार आभार मानले आणि पुन्हा कधी निरोप पाठवला नाही. "चित्र अजून साफ हाय म्हंते तिथलं," गुलाबभाऊ सांगतो, आणि त्याला त्याचा अभिमान आहे हो, खरंच!

तर असा हा माणूस. आणि ह्या माणसाने एके दिवशी दारात येऊन आमच्या टाकीला सांगितलं, "मॅडम, केबल काढून टाका."

"कोणाची?"

"माझीच. दुसऱ्या कोनाची हाय गावात?"

मला वाटलं, उन्हाने डोकं फिरलं. आमचे हे आतून चहा घेऊन आले, त्यांनाही तेच वाटलं. मग त्याने सगळं सांगितलं. आदल्या संध्याकाळी त्याच्या कंट्रोल रूममधलं मशीन बिघडलं होतं. कंट्रोल रूम म्हणजे त्याच्या घरातली बाहेरची खोली, तिला तो नुसतं 'कंट्रोल' म्हणतो. पूर्वी मालिकांच्या वेळेला पाच मिनिटं लाइन गेली तर बाया पदर खोचून कंट्रोलवर चालून यायच्या. त्या दिवशी तीन तास लाइन बंद. हा हातात पेचकस घेऊन फोनकडे बघत बसला.

"एकाचा बी फोन नाई मॅडम. शिवी सुदा नाई. फिरून आलो गावातून. जो तो मोबाइलात पाहून राह्यला. टीव्ही निळा पडून हाय, त्याच्याकडं पाठ." मग टाकीलाच विचारलं, "जे कोनी पाहूनच नाई राह्यलं, ते मी कायले इकू?"

दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता आणि महिन्याच्या महिन्याला दारात आला असता. हा घरोघर फिरून स्वतःच्याच धंद्याच्या वायरी उतरवत सुटला. फुकटचे चॅनल दाखवणारी छत्री घ्या, गावात कोणी तिला अँटेना म्हणतं, ती एकदाच बसवा. ज्याच्या घरी नेट आहे त्याने पिक्चर आणि मालिका नेटवरून पाहा. आणि हे सगळं बसवून द्यायलाही पुन्हा हाच. मला विचाराल तर अख्ख्या तालुक्यात इतका सरळ माणूस मी पाहिला नाही. आणि इतका डोकं खाणारासुद्धा नाही.

कारण छत्रीची दिशा साधताना त्याला होकायंत्र लागत नाही, ओरडणारी माणसं लागतात. तो वर, आमचे हे जिन्यात, मी टीव्हीसमोर. "आलं का?" "नाही आलं." "आता?" "मघाशी आलं होतं!" "मघाशी आलतं तं मघाशीच काऊन नाई सांगतलं?" असं तासभर चाललं. शेवटी चित्र आलं ते छत्री हलवून नाही, ह्यांनी वैतागून जिन्यातून खाली येऊन टीव्हीच्या मागची पिन नीट दाबली तेव्हा. गुलाबभाऊ वरून म्हणाला, "पाहा, म्या म्हटलंच व्हतं."

मग नेटचा नंबर. नव्या टीव्हीच्या रिमोटमध्ये बोलायची सोय असते. आपण बोलायचं, टीव्ही शोधून देतो. गुलाबभाऊने रिमोट तोंडाशी धरला आणि कबड्डी मागितली. टीव्ही जागचा हलेना. तेव्हा हा चिडून म्हणाला, "काऊन चालून नाई राह्यला बे?"

आता आपल्याकडे काऊन म्हणजे का, हे त्या टीव्हीला कोण सांगणार? त्याने काऊन ऐकलं आणि गायी दाखवल्या. काळ्या-पांढऱ्या, धष्टपुष्ट, परदेशातल्या. गुलाबभाऊ आणखी चिडला. "काऊन? काऊन?" आणखी गायी. पुढे तर गायींची दूध काढायची मशीनं निघाली. आमचे हे शेतकऱ्याच्या घरचे, ते खुर्ची ओढून बसले. कबड्डी राहिली बाजूला, दोघांनी मिळून अर्धा तास गायी पाहिल्या. जाताना गुलाबभाऊ म्हणाला, "टीव्ही बहिरा हाय, पन मनाचा चांगला हाय."

असं करत करत त्याने गाव मोकळं केलं. खांबांवरचं काळं जाळं उतरलं, आभाळ दिसायला लागलं. राहिली फक्त एक वायर. ती कंट्रोलमधून निघायची, मागच्या गल्लीने यायची, आमच्या गच्चीवरच्या लोखंडी सळाखीला वेढा घ्यायची आणि तिथून थेट नाल्याच्या काठाला, पारबताबाईच्या घरी जायची.

पारबताबाई एकटी म्हातारी. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. गुडघे गेलेले, त्यामुळे वर्षभर तिला अंगणाबाहेर कोणी पाहिलं नव्हतं. गुलाबभाऊची ती नात्याची कोणी नाही. फार वर्षांपूर्वी हा वायर ओढताना तिच्या दारासमोरच्या खांबावरून पडला, तिने हळद गरम करून पायाला बांधली आणि जेवू घातलं. त्याने गावातलं पहिलं कनेक्शन तिला दिलं. एवढाच संबंध.

आमचं वरच्या खोलीचं काम निघालं आणि ती वायर माझ्या डोक्यात जायला लागली. नेमकी जिथे भिंत यायची तिथेच ती सळाख. मिस्त्री म्हणे, आधी वायर काढा. मी गुलाबभाऊला सांगितलं. तो माझ्या टाकीला "काढतो" म्हणाला. आठ दिवसांनी पुन्हा सांगितलं, पुन्हा "काढतो".

"अहो, अख्ख्या गावाला छत्र्या वाटल्या, तिलाही एक बसवा की!"

"तिच्या घरावर नाई बसत मॅडम. बाभूळ आडवी येते."

"आणि रोज पेचकस घेऊन तिच्याकडे जाताना दिसता, ते काय दुरुस्त करायला?"

"पिन ढिली व्हते. रोज. बरोब्बर तीन आटे." पिनला आतून आटे असतात, फिरवून घट्ट करायचे. "उंदीर असल," तो वर बघत म्हणाला.

"उंदीर आटे मोजून सोडतो का?"

"शिकलेला असल मॅडम. शाळेच्या बाजूनं आला असल."

मी तोंडाची फटकळ आहे, गावाला माहीत आहे. म्हटलं, ह्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही, म्हातारीशीच बोलू. सकाळी शाळेच्या आधी नाल्याकडे गेले. पहिल्यांदा घराच्या चारी बाजूंनी फिरले. बाभूळ नव्हती. बोरीचं झुडूपसुद्धा नव्हतं.

आत पारबताबाई खाटेवर बसली होती. समोर जुना, पोट सुटलेला टीव्ही. आणि टीव्हीत गुलाबभाऊ!

पूर्वी त्याचं स्वतःचं एक गावचं चॅनल होतं, ते मी विसरूनच गेले होते. वाढदिवस, जयंतीची मिरवणूक, हरवलेली बकरी, आर्वीच्या बाजारातला कापसाचा भाव, सगळं त्यावर यायचं. सगळ्यांच्या वायरी उतरल्यावर ते बंद झालं असेल असं मी धरून चालले होते. ते चालू होतं. एका टीव्हीसाठी रोज सकाळी चालू होतं. खुर्चीवर इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला गुलाबभाऊ म्हणत होता, "नमस्कार मंडळी. आज ऊन बम तापनार हाय, दुपारी बाहीर निंघू नका. आर्वीले सोयाबीनचा भाव कालच्यावानीच हाय. डोयात थेंब टाकले का? नसन टाकले तं आताच टाका, मी थांबतो."

आणि तो थांबला, खरंच थांबला. पारबताबाईने उशाखालची बाटली काढली, मान मागे करून थेंब टाकले. तोवर तो पडद्यावर गप्प बसून होता, समोर पाहत. त्याला सरळ समोर पाहताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. त्याचे डोळे तपकिरी आहेत, हे मला इतक्या वर्षांनी तेव्हा कळलं.

मी तरीही माझा मुद्दा सोडला नाही. म्हटलं, "बाई, आमच्यातर्फे तुम्हाला छत्री बसवून देते. शंभर चॅनल येतात."

"त्याच्यात गुलाब येते का?"

"गुलाब कसा येईल? बाकी सगळे येतात."

"मंग ऱ्हाऊ दे माय. शंभर येते अन् गुलाब नाई येत, तं मी काय करू त्याले?"

मला दोघांचाही राग आला. खरं तर गलबलून आलं होतं, पण मला गलबलून आलं की रागच येतो. परत येताना गुलाबभाऊ वाटेत भेटला, मान वर, तिच्याच घराकडे निघालेला. त्याला सुनावलं, "ते काही नाही. रविवारी मिस्त्री येतोय. वायर तुम्ही काढा, नाहीतर मी पक्कड लावीन."

त्याने वर वायरीकडे पाहिलं, इकडून तिकडे, शेवटपर्यंत. मग म्हणाला, "काढतो मॅडम." ह्या वेळी ते मला खरं वाटलं आणि मला त्याचा आनंद झाला नाही.

रविवार उजाडला. मिस्त्री गच्चीवर आला, वायर जागेवरच. गुलाबभाऊचा पत्ता नाही, फोन उचलत नाही. मिस्त्रीने पक्कड माझ्या हातात दिली. मी खाली वाकून पाहिलं तर रस्त्यावर पारबताबाई.

हातात काठी, पदर घट्ट खोचलेला, आणि मान वर. वायरीवर नजर ठेवून एकेक पाऊल टाकत होती. आमच्या घराखाली आल्यावर वायर गच्चीवर चढते, तिथे ती थांबली आणि बावरून इकडेतिकडे पाहायला लागली. मी धावत खाली गेले.

"बाई, तुम्ही? कुठे निघालात ह्या गुडघ्यांनी?"

"गुलाब दोन दिस झाले नाई आला." तिला धाप लागली होती. "त्याचं घर मले मालूम नाई. कधी गेलतीच नाई नं मी. पन वायर तं त्याच्याच घरी जाते ना? कुठी गेली इथून?"

"काहीतरी काम असेल हो त्याला. टीव्ही बंद पडलाय का?"

ती खाली पाहायला लागली. मग माझा हात धरून अगदी हळू म्हणाली, "माय, चूक झाली माझ्याच्यानं. पिन मीच ढिली करतो. रोज तीन आटे. मुंग्या येते, मंग तो येते, घडीभर बसते, चहा पेते. परवा चार सोडले का काय म्या, मालूम नाई. वायर तं नाई नं तुटली? तो म्हनत असल, हे बुढी रोजच तरास देते."

वर मिस्त्री पक्कड मागत होता. माझ्याच हातात होती ती. मी ती पदराखाली घेतली.

गुलाबभाऊचं घर मला माहीत होतं, सरळ रस्त्याने पाच मिनिटं. पण पारबताबाई ऐकेना, तिचा विश्वास वायरीवर. मग आम्ही दोघी माना वर करून मागच्या गल्लीने निघालो. वाटेत माझा पाय नालीत गेला. लोक हसले. हसू देत.

कंट्रोलचं दार उघडंच होतं. मशीन सुरू, दिवे लुकलुकत होते, कॅमेरा रिकाम्या खुर्चीवर रोखलेला, बाजूच्या लहान टीव्हीत तीच रिकामी खुर्ची. कोपऱ्यात खाटेवर गुलाबभाऊ, तापाने लाल झालेला. अंगात इस्त्रीचा शर्ट मात्र होता. उठून बसायचा प्रयत्न केला असणार, जमलं नसणार.

पारबताबाई इतकी दमली होती की समोर दिसली त्या खुर्चीवर बसली. आणि त्या लहान टीव्हीत ती आली, स्पष्ट, कपाळावरच्या घामासकट.

"गोयी घेतली का?" तिने विचारलं. "नसल घेतली तं आताच घे. मी थांबतो."

गुलाबभाऊने मान वळवून त्या टीव्हीकडे पाहिलं. तिच्या घरचा टीव्ही पिन सोडलेला, बाकी गावात वायर नाही. म्हणजे त्या घडीला ते चॅनल पाहणारा अख्ख्या रोहण्यात हा एकटा. त्याचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला त्याला वरही पाहता येईना, कारण मी वरून वाकून पाण्याचा पेला देत होते. गोळी गिळून तो माझ्या कानाशी कुजबुजला, "मॅडम, उंदीर पाहा. इतल्या लांबून चालत आला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"कवाचं." मग पुन्हा टीव्हीकडे पाहत मोठ्याने म्हणाला, "पिक्चर एकदम साफ हाय, माय. एक बी मुंगी नाई."

मी घरी परतले तेव्हा मिस्त्री गच्चीच्या कठड्यावर बसून बिडी ओढत होता. "काय झालं मॅडम?" त्याने विचारलं. "हे वायर तं बंद पडली असल नं? काढू?"

"चालू आहे," मी म्हटलं. "भिंतीत एक पाइप टाक, त्यातून जाऊ दे."